एकाच खोलीत दोन यंत्रं, दोन निकाल

प्रश्न : २० नोव्हेंबर २०२४ ला आमच्याकडे विधानसभेबरोबर लोकसभेची पोटनिवडणूकही होती. एकाच खोलीत दोन मतदान यंत्रं होती. निकाल लागला तेव्हा लोकसभेला काँग्रेस, आणि त्याच मतदारसंघातल्या विधानसभेच्या सहाच्या सहा जागा महायुतीला! गावात यावर अजून दोन तट आहेत. एक म्हणतो मतदार हुशार झालाय, दुसरा म्हणतो यंत्रातच काहीतरी आहे. तुम्हाला काय वाटतं?
(एक वाचक, नांदेड जिल्हा)

दोन्ही तटांनी एक आकडा पाहिलेला दिसत नाही. काँग्रेसचे रवींद्र चव्हाण लोकसभेची ती पोटनिवडणूक जिंकले, पण फक्त १,४५७ मतांनी. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे वडील वसंतराव चव्हाण हीच जागा जवळपास ५९ हजारांच्या आघाडीने जिंकले होते. ऑगस्टमध्ये त्यांचं निधन झालं म्हणून पोटनिवडणूक लागली. म्हणजे सहानुभूती असूनही साडेपाच महिन्यांत ५९ हजारांची आघाडी दीड हजारावर आली. वारं दोन्ही यंत्रांत सारखंच फिरलं होतं. लोकसभेला काँग्रेसची जुनी आघाडी मोठी असल्यामुळे ती जेमतेम तरली. विधानसभेच्या सहा जागांवर तेवढी पुंजी नव्हती. नांदेड शहरातल्या दोन्ही जागा महायुतीने चार हजारांच्या आतल्या फरकाने घेतल्या. लोकसभेला मुख्य सामना दोघांतच होता, तर विधानसभेला छोटे पक्ष आणि अपक्षांनी विरोधातली मतं वाटून घेतली. हुशारी आणि कारस्थान यांच्या मधली ही साधी वजाबाकी कुणाला आवडत नाही, कारण तिच्यात गोष्ट नाही.

हेच सूत्र राज्याला लावून बघा. २०२४ च्या लोकसभेत महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या आणि महायुतीला १७. पण दोघांच्या मतांमधला फरक एका टक्क्याहूनही कमी होता. ‘महाराष्ट्राने महायुतीला नाकारलं’ असं जूनमध्ये छापून आलं (मीही तेव्हा असंच काहीसं बोलत होतो), पण राज्य खरं तर अर्धं-अर्धं फाटलेलं होतं. नोव्हेंबरमध्ये महायुतीच्या तीन पक्षांना मिळून सुमारे ३ कोटी ११ लाख मतं पडली. आघाडीच्या तिघांची मतं सुमारे २ कोटी १७ लाखांवर आली. मतदान ६६ टक्क्यांवर गेलं, २०१९ मध्ये ते ६१ च्या आसपास होतं. नव्याने बाहेर पडलेल्यांतला मोठा हिस्सा महायुतीकडे गेला आणि आघाडीचे काही जुने मतदार गळाले किंवा अपक्ष, बंडखोर आणि छोट्या पक्षांकडे सरकले. दोन्ही गोष्टी एकदम घडल्या.

मतांचं जागांत रूपांतर होताना काय झालं ते आणखी मजेदार आहे. काँग्रेसला १२.४२ टक्के मतं आणि १६ जागा. एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेला १२.३८ टक्के मतं आणि ५७ जागा. शरद पवारांच्या पक्षाला ११.२८ टक्के आणि १० जागा, तर अजित पवारांच्या पक्षाला ९.०१ टक्के आणि ४१ जागा. काका मतांत पुढे, पुतण्या जागांत चौपट.

यात जादू नाही. काँग्रेस १०१ जागा लढली, शिंदेंची सेना ८१. शरद पवार ८६, अजित पवार ५९. एकूण मतांना लढवलेल्या जागांनी भागलं की चित्र स्वच्छ होतं. काँग्रेसला एका जागेमागे सरासरी ७९ हजार मतं पडली आणि शरद पवारांच्या पक्षाला ८५ हजार. शिंदे आणि अजित पवार या दोघांनाही ९९ हजारांच्या जवळ, तर १४९ जागा लढून १३२ जिंकणाऱ्या भाजपला तब्बल १ लाख १६ हजार. एका मतदारसंघात साधारण सव्वादोन लाख मतं पडली होती. तिथे लाखाच्या आसपास पोचणारा बहुधा आमदार होतो आणि ८० हजारांवर थांबणारा दुसरा येतो. दुसऱ्याला पगार नसतो. विरोधकांची मतं राज्यभर पसरली, पण काठापर्यंत फार थोड्या ठिकाणी पोचली.

राहिला यंत्राचा संशय. प्रत्येक मतदारसंघात पाच केंद्रांवरच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताडल्या जातात. तशा १,४४० यंत्रांत कुठेही तफावत आढळली नाही, असं निवडणूक आयोगाने सांगितलं. माळशिरस मतदारसंघातल्या मारकडवाडीच्या लोकांनी स्वतःच मतपत्रिकेवर फेरमतदान घ्यायचं ठरवलं, तेव्हा प्रशासनाने जमावबंदी लावून ते थांबवलं. तो प्रयोग कायद्यात बसणारा नव्हता हे मान्य, पण गावकऱ्यांना जमावबंदीने उत्तर देणं मला तेव्हाही खटकलं. मतदार यादीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. लोकसभेच्या वेळी राज्यात सुमारे ९ कोटी ३० लाख मतदार होते, विधानसभेला सुमारे ९ कोटी ७० लाख. अर्ध्या वर्षात एवढे वाढले कसे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे आणि त्याचं उत्तर यादी उघडूनच देता येतं. विरोधकांनी यंत्र आणि यादी एका दमात घेतली, त्यामुळे यादीचा भक्कम प्रश्न यंत्राच्या कच्च्या प्रश्नाखाली दबला.

प्रश्न : तुम्ही कितीही हिशेब मांडा, शेवटी सगळं पंधराशे रुपयांवरच ठरलं ना? बायकांनी मतं विकली, असं आमच्या कट्ट्यावर सरळ म्हणतात.
(एक ज्येष्ठ नागरिक, पुणे)

कट्ट्यावर त्या बायकांपैकी कुणी बसत नसणार. पीएम किसानचे सहा हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान योजनेचे सहा हजार मिळून वर्षाला १२ हजार रुपये खात्यात येतात. सातबारा बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर असतो. त्या पैशांवर मत देणाऱ्याला कुणी मत विकलं म्हणत नाही. बाईच्या खात्यात आले की मात्र विक्री होते!

तरीही तुमच्या प्रश्नाचा गाभा खरा आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना हा या निवडणुकीतला सगळ्यात मोठा मुद्दा होता. ती कशी राबवली ते बारकाईने बघण्यासारखं आहे, कारण यश रकमेपेक्षा राबवण्यात होतं. २८ जून २०२४ ला, लोकसभेच्या पराभवानंतर महिन्याच्या आत, अर्थमंत्री अजित पवार यांनी अर्थसंकल्पात घोषणा केली. नमुना मध्य प्रदेशच्या लाडली बहनाचा होता. २१ ते ६५ वयाच्या, वर्षाला अडीच लाखांच्या आत कुटुंबाचं उत्पन्न असलेल्या बाईला महिना १,५०० रुपये. पहिल्या आठवड्यात तलाठी कार्यालयांत आणि सेतू केंद्रांत उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी अशी झुंबड उडाली की सरकारने अटी भराभर सैल केल्या. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर दाखला नको, पाच एकरांची अटही नको. अर्ज भरायला अंगणवाडी सेविका होत्या, अर्जामागे त्यांना ५० रुपये ठरले. १७ ऑगस्टला पुण्यात बालेवाडीला मोठा सोहळा झाला आणि रक्षाबंधनाच्या तोंडावर दोन महिन्यांचे ३,००० रुपये जमा झाले. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरचा हप्ता आचारसंहितेच्या आधीच, भाऊबीजेची ओवाळणी म्हणून दिला गेला. मतदानाच्या दिवशी सव्वादोन कोटींहून अधिक बायकांपैकी पहिल्यापासूनच्या प्रत्येकीच्या पासबुकात पाच महिन्यांचे साडेसात हजार उमटलेले होते.

घोषणेपासून पहिल्या हप्त्यापर्यंत सात आठवडे. पीकविम्याच्या भरपाईसाठी वर्ष-वर्ष ताटकळणाऱ्या माणसाला हा वेग विश्वास बसू नये इतका वाटला असेल. शिवाय ज्या बाईने कधी स्वतःसाठी बँकेची पायरी चढली नव्हती, तिने आधार जोडायला रांग लावली, खातं चालू करून घेतलं. प्रचाराच्या फलकांपेक्षा त्या रांगेत जास्त प्रचार झाला. बायकांचं मतदान २०१९ मध्ये सुमारे ५९ टक्के होतं, ते ६५ च्या वर गेलं. पुरुषांचंही वाढलं, पण कमी.

विरोधकांचं काय चुकलं? आधी ते म्हणाले तिजोरी रिकामी होईल. वर्षाचा अंदाज ४६ हजार कोटी रुपयांचा होता, तेव्हा ही काळजी खोटी नव्हती. मग जाहीरनाम्यात त्यांनीच महालक्ष्मी योजनेखाली महिना ३,००० रुपये कबूल केले. तिजोरीची चिंता करणाऱ्याने दुप्पट बोली लावली की त्याची चिंताही जाते आणि बोलीही. महायुतीने २,१०० चं आश्वासन दिलं, पण तिच्या २,१०० च्या मागे मिळालेले १,५०० उभे होते. आघाडीच्या ३,००० च्या मागे फक्त कागद होता.

याची पडताळणी त्याच महिन्यात झारखंडमध्ये झाली. तिथे हेमंत सोरेन यांचं सरकार मंईयां सन्मान योजनेतून महिना १,००० रुपये देत होतं आणि भाजप विरोधात बसून २,१०० कबूल करत होता. ८१ पैकी ५६ जागा घेऊन सोरेन यांची आघाडी परतली. देणारा जिंकला, कबूल करणारा हरला, पक्ष कुठलाही असो. पण मग आंध्र प्रदेश घ्या. जगनमोहन रेड्डी यांनी पाच वर्षं खात्यात पैसे टाकण्याचा विक्रमच केला होता. २०२४ मध्ये त्यांचे १७५ पैकी ११ आमदार उरले. पैसे पोचले की मत पोचतंच असं नाही, बाकीचं घर सावरलेलं लागतं. महाराष्ट्रात महायुतीने ते सावरलं होतं. हरियाणाचा ८ ऑक्टोबरचा निकाल तिला बळ देऊन गेला, तर आघाडी उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या दिवसापर्यंत जागांवरून भांडत राहिली.

निकालानंतरचंही सांगायला हवं. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात योजनेची तरतूद ३६ हजार कोटींवर आली, २,१०० चा पत्ता नव्हता, आणि आधी सैल केलेल्या अटींची पडताळणी सुरू झाली. जुलैत दार सताड उघडायचं आणि निवडणुकीनंतर आत आलेल्यांची कागदपत्रं मागायची, हा क्रम योगायोगाचा मानायला मी तयार नाही.

प्रश्न : कांद्याने लोकसभेला रडवलं म्हणतात. मग सोयाबीनने विधानसभेला का नाही? आम्ही तर हमीभावाच्या खाली विकत होतो.
(एक शेतकरी, लातूर जिल्हा)

तुमचा राग खरा होता आणि आकडे त्याची साक्ष देतात. त्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजार समित्यांत चार हजारांच्या आसपास बोली लागत होती, ओलसर मालाला त्याहून कमी. आघाडीने ७,००० चं वचन दिलं आणि मोदींच्या सभेतून ६,००० आले. दोन्ही बाजूंनी तुमची नाडी ओळखली होती.

फरक आरोपीत आहे. कांद्याची निर्यातबंदी डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीहून एका आदेशाने आली. तारीख ठरलेली, सही ठरलेली, चढता भाव त्या दिवसापासून कोसळला. शेतकऱ्याला कुणावर चिडायचं ते शोधावं लागलं नाही. दिंडोरीत केंद्रात मंत्री असलेल्या भारती पवार हरल्या, त्यात कांद्याचा वाटा मोठा होता. सोयाबीनचा भाव मात्र हळूहळू झिजला. त्यात जगातलं तेलबियांचं मुबलक पीक आलं, आयात तेल आलं, पेंडीची मंदी आली. एवढ्या आरोपींत एकाचंही नाव फलकावर लिहिता येत नाही. शिवाय सरकार लोकसभेतून शिकलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये कांद्याची किमान निर्यात किंमत काढली, निर्यात शुल्क ४० वरून २० टक्के केलं, आयात खाद्यतेलावरचं शुल्क वाढवलं. मतदानाच्या तोंडावर सोयाबीन खरेदीची ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के झाली. त्यातून तुमच्या खिशात किती आलं हा वेगळा प्रश्न, पण रागाची धार बोथट व्हायला तेवढं पुरलं. परिणाम बघा, कांद्याच्या नाशिक जिल्ह्यातल्या १५ जागांपैकी १४ महायुतीने घेतल्या.

आणखी एक गोष्ट आहे, ती तुम्हाला कदाचित घरातच ऐकू आली असेल. सोयाबीनचा तोटा आणि लाडक्या बहिणीचा हप्ता एकाच उंबऱ्याच्या आत येत होते. तोटा धन्याच्या नावे, हप्ता बाईच्या नावे. कुणाचं मत कुणी ठरवलं ते त्या घरालाच ठाऊक.

प्रश्न : मराठा आरक्षण, मालवणचा पुतळा, ‘बटेंगे तो कटेंगे’... वर्षभर हेच ऐकलं. हे मुद्दे मतपेटीत का दिसले नाहीत?
(एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

दिसले, पण ज्या बाजूने दिसतील असं वाटलं होतं त्या बाजूने नाही.

मनोज जरांगे पाटील यांचं आंदोलन जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीतून उभं राहिलं. १ सप्टेंबर २०२३ च्या लाठीमाराने ते राज्यभर गेलं. लोकसभेत मराठवाड्यातल्या आठपैकी महायुतीला एकच जागा मिळाली, जालन्यात रावसाहेब दानवे आणि बीडमध्ये पंकजा मुंडे हरल्या. विधानसभेला जरांगे उमेदवार देणार म्हणाले आणि ४ नोव्हेंबरला, अर्ज मागे घेण्याच्या दिवशी, माघारले. त्यानंतर मराठा मतदाराला एकच खूण उरली नाही, जिथे-तिथे स्थानिक मराठा उमेदवार दोन्हीकडून उभे होते. समोर मात्र ओबीसी समाज लोकसभेच्या निकालाने सावध झाला होता. जूनमध्ये ओबीसी आंदोलक लक्ष्मण हाके यांचं वडीगोद्रीचं उपोषण अंतरवालीच्या जवळच झालं, हे विसरू नका. भाजपने १९८० च्या दशकापासून जोपासलेलं माळी, धनगर, वंजारी हे गणित पुन्हा घट्ट बसलं. जालन्याच्या पाचही जागा महायुतीला गेल्या. अंतरवाली ज्या घनसावंगीत येते तिथे अनेक वर्षांचे आमदार राजेश टोपे शिंदेंच्या उमेदवाराकडून हरले. मराठवाड्याच्या ४६ पैकी ४० जागा महायुतीकडे गेल्या.

घोषणांचंही असंच. धुळे लोकसभा मतदारसंघात मालेगाव मध्यने काँग्रेसला दिलेल्या प्रचंड आघाडीने भाजपचा तिथला निसटता पराभव झाला, आणि त्यातून ‘व्होट जिहाद’ हा शब्द प्रचारात आला. योगी आदित्यनाथांनी ‘बटेंगे तो कटेंगे’ आणलं, मोदींनी धुळ्यातच ‘एक हैं तो सेफ हैं’ म्हटलं. अजित पवार म्हणाले हे महाराष्ट्रात चालत नाही, पंकजा मुंडे यांनीही नापसंती दाखवली. माझ्या मते या घोषणेचं बोट मुसलमानांकडे होतं, पण काम तिने मराठा-ओबीसी फटीवर केलं. लोकसभेला संविधान बदलण्याची भीती आणि आरक्षणाची भांडणं यांनी जी मतं भाजपपासून सुटली होती, त्यांना परत एका छताखाली बोलावण्याचा तो मार्ग होता. तो मला विषारी वाटतो. परिणाम झाला नाही, असं मात्र मी म्हणणार नाही.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा उभारल्यापासून नऊ महिन्यांच्या आत, २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. संताप राज्यभर होता. मालवण ज्या कुडाळ मतदारसंघात आहे तिथे मात्र शिंदेंच्या शिवसेनेचे नीलेश राणे निवडून आले, ठाकरेंच्या पक्षाचे विद्यमान आमदार नाईक यांना हरवून. पुण्या-मुंबईच्या चर्चेत जो प्रश्न महाराष्ट्राच्या अस्मितेचा होता, तो कुडाळमध्ये राणे की नाईक एवढाच उरला. तिथल्या मतदाराला दोन्ही घराणी पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत, पुतळ्याचा कंत्राटदार मतपत्रिकेवर नव्हता.

प्रश्न : मग विधानसभेत विरोधी पक्षनेता का नाही?
(तोच प्रश्न पाच-सहा पत्रांत आहे)

कारण २८८ च्या सभागृहात एक दशांश म्हणजे २९ आमदार लागतात, असं प्रथेने धरलं जातं आणि विरोधातला सगळ्यात मोठा असलेला ठाकरेंचा पक्ष २० वर थांबला. पण प्रथा ती प्रथा, मान्यता देणं अध्यक्षांच्या हातात असतं. २०१५ मध्ये दिल्ली विधानसभेत ७० पैकी ६७ जागा आम आदमी पक्षाला मिळाल्या होत्या. तरी तीन आमदारांच्या भाजपच्या विजेंदर गुप्ता यांना तिथे विरोधी पक्षनेतेपद मिळालं.